एक नकार आणि तीन कारणं

माझ्या मावसबहिणीने बढती नाकारली. हुद्दा मोठा होता, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागणार होतं, आणि त्या जागेकडे ती किती दिवस डोळे लावून बसली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर एकदा आम्ही सगळे जमलो तेव्हा जो तो तिला विचारत होता, "का गं?" मावशीला तिने सांगितलं की मुलाचं शाळेचं महत्त्वाचं वर्ष आहे. माझा भाऊ स्वतः नोकरीतले डावपेच जाणणारा, त्याला म्हणाली की तिथल्या साहेबांबद्दल बरं ऐकलेलं नाही. आणि रात्री उशिरा, गच्चीवर, मला म्हणाली, "दमलेय गं. पुन्हा नव्या माणसांपुढे पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं, ते आता नको वाटतं." मावशीच्या कानावर यातलं बरंच काही गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती दुखावल्यासारखी म्हणाली, "प्रत्येकाला वेगळंच सांगते. खरं कारण काय ते सांगतच नाही."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. ताई खोटं बोलत नव्हती. मुलाच्या शाळेबद्दल बोलताना तिच्या कपाळावर आलेली आठी उसनी नव्हती. साहेबांचा विषय निघाल्यावर आवाज खाली गेला तोही खराच होता. आणि गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवून तिने जो सुस्कारा टाकला, त्यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग मावशी शोधत होती ते खरं कारण कुठे होतं? या तिन्हींच्या मागे चौथं काही दडलं होतं का? की नकार आधीच ठरला होता आणि कारणं मागाहून, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून, एकेक करत आली? हा शेवटचा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण तो ताईपुरता राहत नाही.

कारणांची बेरीज-वजाबाकी केली की निर्णय निघतो, अशी आपली समजूत असते. समजूत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ साली जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून हीच रीत कळवली होती. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची, एकीकडे अनुकूल मुद्दे आणि दुसरीकडे प्रतिकूल, तीन-चार दिवस सुचेल तसे लिहीत जायचे, मग सारख्या वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडायचे आणि उरेल त्यावरून ठरवायचं. १८३८ मध्ये चार्ल्स डार्विनने लग्न करावं की नाही याची अशीच दोन रकान्यांची टिपणं केली. एका बाजूला मुलंबाळं, म्हातारपणीची सोबत. दुसऱ्या बाजूला वाया जाणारा वेळ आणि पुस्तकांना कमी पडणारे पैसे. कौल लग्नाच्या बाजूने पडला आणि पुढच्या जानेवारीत एम्मा वेजवुडशी त्याचं लग्न झालं. पण ती टिपणं वाचताना माझं लक्ष रकान्यांवर टिकत नाही. मध्येच तो एक चित्र रंगवतो: कोचावर बसलेली प्रेमळ बायको, पेटलेली शेकोटी, पुस्तकं, जमल्यास थोडं संगीत. आणि लगेच त्या चित्राशी तो लंडनमधल्या आपल्या कळकट, धुरकट बिऱ्हाडाची तुलना करतो. माझ्या मते निर्णय तिथे झाला. मुद्दे दोन्हीकडे होतेच, पण ते एका एकट्या माणसाने एका उदास घरात बसून लिहिलेले होते. तोच माणूस एखाद्या उजळ, गजबजलेल्या घरात तो कागद घेऊन बसला असता तर कुठल्या मुद्द्याला किती वजन दिलं असतं, कोण सांगणार?

भोवतालचं असं वजन आपल्याला जाणवतच नाही, हे रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ च्या एका निबंधात दाखवलं. त्यांनी नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातली सर्वांत चांगली निवडायला सांगितली. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी अगदी उजवीकडची जोडी अगदी डावीकडच्या जोडीपेक्षा सुमारे चौपट वेळा निवडली गेली. हीच का, असं विचारल्यावर लोकांनी मोज्यांचे गुण सांगितले. मांडणीतली जागा कुणीही सांगितली नाही. जागेचा परिणाम झाला असेल का असं सरळ विचारलं तेव्हाही जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं. ही माणसं कुणाला फसवत नव्हती. त्यांना मोजा दिसत होता, म्हणून ती मोज्याबद्दल बोलली. उजवी-डावी बाजू ही काही हातात धरून बघायची वस्तू नव्हे.

पुढे २००५ मध्ये पेटर योहान्सन आणि लार्स हॉल या स्वीडिश संशोधकांनी याहून बोचरा प्रयोग केला. समोरच्याला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, अधिक आवडलेला निवडायला सांगायचं, मग हातचलाखीने न निवडलेलाच फोटो त्याच्या हाती द्यायचा आणि विचारायचं, हा का आवडला? बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. लोक हातातल्या चेहऱ्याकडे बघून कारणं सांगू लागले, ज्याला त्यांनी क्षणभरापूर्वी बाजूला सारलं होतं त्या चेहऱ्याची. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला भीती वाटली होती. आता भीती ओसरली आहे, पण एक सवय लागली आहे: कुणी आपल्या निर्णयाचं फार सफाईदार, बिनचूक कारण सांगितलं की मी ते आदराने ऐकते आणि मनात थोडी जागा मोकळी ठेवते.

माझे वडीलही एकदा अशा जागी उभे होते.

आजोबांची शस्त्रक्रिया करायची की औषधांवर ठेवायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. दवाखान्याचा लांब व्हरांडा, फिनेलचा उग्र वास, भिंतीला लागून ठेवलेले लोखंडी बाक, आणि कुठल्याशा खोलीतून सतत येणारा यंत्राचा बारीक टिकटिकाट. डॉक्टर बाहेर आले, बाबांच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "शंभरातले नव्वद जण यातून नीट बाहेर येतात." बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. पेन नीट उमटत नव्हतं, म्हणून त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात गिरवून पाहिलं, ते निळे गोल मला अजून दिसतात. आजोबा बरे होऊन घरी आले. नंतर नातेवाईक बाबांना विचारत, एवढ्या वयात शस्त्रक्रियेचा धोका कसा पत्करलास? ते म्हणत, "डॉक्टर खाली बसले. त्यांना घाई नव्हती." ऐकणाऱ्याला हे उत्तर वाटतच नसे. मग बाबा आजोबांच्या तब्येतीचं, तपासण्यांच्या आकड्यांचं काहीतरी जोडत आणि लोकांचं समाधान होई.

बऱ्याच वर्षांनी एक अभ्यास वाचनात आला. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, एमॉस ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार, असं रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि प्रत्यक्ष डॉक्टरांनाही विचारलं होतं. काहींना शस्त्रक्रियेचे आकडे जगण्याच्या भाषेत दिले: शंभरातले नव्वद जण वाचतात. काहींना तेच आकडे मरणाच्या भाषेत: शंभरातले दहा जण दगावतात. दगावण्याचा उल्लेख असला की शस्त्रक्रिया निवडणारे ठळकपणे कमी झाले, आणि यात डॉक्टरही अपवाद नव्हते. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. त्या दिवशी व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले असते की दहा जण जातात, आणि उभ्या उभ्या, हातातल्या फायलीकडे बघत म्हणाले असते, तर? बाबा तेच, आजोबा तेच, आजार तोच. मला प्रामाणिकपणे वाटतं की सही झाली नसती. आणि न झालेल्या सहीचीही बाबांकडे तितकीच पटणारी कारणं असती: वय, अशक्तपणा, त्यांना त्रास नको. तीही खरीच असती.

इथे मला कुणी म्हणेल की मग माणसाच्या विचाराला अर्थच काय? मी तेवढ्या टोकाला जात नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने विचारशक्तीला कात्रीची उपमा दिली होती. एक पातं माणसाच्या बुद्धीचं, दुसरं पातं समोरच्या परिस्थितीचं. कुठलं पातं कापतं, हा प्रश्नच उरत नाही. बाबांनी विचार केला होता, नक्की केला होता. पण तो त्या बाकावर केला होता, त्या वासात, शेजारी बसलेल्या त्या माणसाच्या आवाजात. आणि इतक्या सगळ्यातून "त्यांना घाई नव्हती" हे बाबांनी टिपलं, याचं मला आज जास्तच कौतुक वाटतं. घाई किती काय बदलू शकते याचा एक जुना दाखला आहे. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना व्याख्यान द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींच्या व्याख्यानाचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली कथा. वाटेवर एक माणूस खोकत, कण्हत, मान टाकून बसलेला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. व्याख्यानाचा विषय दयाळूपणा होता की दुसराच काही, याने ठळक फरक पडला नाही. त्या विद्यार्थ्यांच्या मनातल्या श्रद्धा काही मिनिटांत पातळ झाल्या असतील यावर माझा विश्वास नाही. त्यांच्यापाशी मदत करण्याचं कारण होतंच. ते बाहेर यायला जी फट लागते, ती घड्याळाने बुजवली होती.

कधी कधी तर विचारलेला प्रश्नच ठरवतो की कुठलं कारण पुढे येणार. एल्डार शफीरच्या १९९३ च्या एका प्रयोगात लोकांना घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कुणाकडे असावा हे ठरवायचं होतं. एक पालक सगळ्या बाबतींत मधला: उत्पन्न, तब्येत, कामाचे तास, मुलाशी नातं, सगळं बेताचं. दुसरा पालक टोकांचा: मुलाशी अतिशय घट्ट नातं आणि उत्पन्नही जास्त, पण कामानिमित्त सतत प्रवास, तब्येतीच्या बारीकसारीक तक्रारी. ताबा कुणाला द्याल असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी या दुसऱ्या पालकाला दिला. ताबा कुणाला नाकाराल असं दुसऱ्या गटाला विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनी याच पालकाला नाकारला. द्यायचं म्हटलं की मन देण्याजोगं शोधतं आणि नाकारायचं म्हटलं की नाकारण्याजोगं, आणि या माणसापाशी दोन्ही भरपूर होतं. हे वाचल्यापासून मला एखाद्याचं घर, मूल, नोकरी ज्यावर अवलंबून आहे असे प्रश्न कोण कुठल्या शब्दांत मांडतं याची काळजी वाटते. मांडणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, आणि ती कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया शेजारी देश. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये अवयवदानाचे आकडे तुलनेला घेतले तेव्हा जर्मनीत संमती देणारे १२ टक्के होते आणि ऑस्ट्रियात जवळजवळ सगळे. जर्मनीत दाता व्हायचं तर तसं नोंदवावं लागे. ऑस्ट्रियात नको असेल तर नोंदवावं लागे. आयुष्यातली इतकी खोल गोष्ट, मृत्यूनंतर आपल्या शरीराचं काय व्हावं ही, आणि बहुतेकांनी काहीच न नोंदवल्यामुळे ती ठरून गेली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट मात्र एका साध्या प्रयोगातली आहे. मोज्यांच्या प्रयोगातल्याच टिमथी विल्सनने सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये काही विद्यार्थिनींना भिंतीवर लावायचं एक चित्र निवडून घरी न्यायला सांगितलं. काही चित्रं नामांकित चित्रकारांची होती, काही गमतीशीर. अर्ध्याजणींना निवडण्याआधी प्रत्येक चित्र का आवडतं किंवा आवडत नाही ते लिहून काढायचं होतं, बाकीच्यांना नाही. कारणं लिहिणाऱ्या मुलींनी गमतीशीर चित्रं तुलनेने जास्त उचलली. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा त्या आपल्या निवडीवर कमी खूश होत्या. मला यात एक गोष्ट लख्ख दिसते. गमतीशीर चित्र का आवडलं हे सांगता येतं. एखादं रंगांचं चित्र का ओढून घेतं, हे चटकन सांगता येत नाही. मग ज्याला शब्द मिळतात ते जिंकतं आणि ज्याला मिळत नाहीत ते, कितीही आपलं असलं तरी, मागे राहतं. कारण विचारलं जाणं हीसुद्धा एक परिस्थितीच आहे. ती निर्णयाला वाकवते.

मावशीच्या "खरं कारण"मागे माया होती हे मला माहीत आहे. पण ताईला तो नकार देण्याआधीच कुणी असं कोपऱ्यात घेऊन कारण विचारलं असतं, तर कदाचित तिने बढती स्वीकारली असती. बढतीच्या बाजूची कारणं तोंडात तयार असतात: पैसा, हुद्दा, अनुभव. थकव्याला तसं बोलता येत नाही. तो गच्चीवर, अंधारात, कुणी उत्तराची वाट बघत नसताना बोलतो. तिने तीन माणसांना तीन गोष्टी सांगितल्या कारण तिच्या आयुष्यात त्या तिन्ही एकाच वेळी चालू होत्या, आणि प्रत्येक माणूस तिच्यासमोर आपला एक दिवा घेऊन आला होता. मी नंतर तिला का असं पुन्हा विचारलं नाही. बढतीचं पत्र हाती आलं त्या आठवड्यात काय काय चाललं होतं, एवढंच विचारलं. ती खूप वेळ बोलली. मुलाचा ताप, कार्यालयात एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर मिळालेली बोलणी, रात्री दोनला आलेली जाग, आणि नव्या शहराच्या नकाशावर घर शोधताना एकाएकी भरून आलेले डोळे. त्यात एकही वाक्य "म्हणून" या शब्दाने सुरू झालं नाही, आणि तरी मला तिचा नकार पूर्ण कळला.

तरीही कारण विचारणं सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्यावर चालवायची सत्ता आहे त्याने कारण द्यायलाच हवं. न्यायाधीशाने निकालात ती लिहावीत, परीक्षकाने गुण कापले तर का ते सांगावं, अर्ज फेटाळणाऱ्याने फेटाळण्याचं कारण नोंदवावं. ते कारण त्यांच्या मनात अगदी पहिल्यापासून होतं की नाही, हे तिथे दुय्यम आहे. ते कागदावर आलं की तपासता येतं, त्याला आव्हान देता येतं, आणि पुढच्या माणसाला तोच नियम लावा असं म्हणता येतं. तिथे कारण हा सामान्य माणसाचा आधार आहे, आणि "परिस्थितीच तशी होती" हे उत्तर तिथे चालू नये.

माझं अडतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत. माझ्या एका जुन्या मैत्रिणीला तिचा जोडीदार सोडून गेला. भांडण नव्हतं, दुसरं माणूस नव्हतं. "आपलं जमत नाही म्हणून," एवढंच तो म्हणाला. एलेन लँगरचा १९७८ चा प्रयोग मला तेव्हा आठवला होता. प्रती काढायच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्यांना कुणी म्हटलं, "पाचच पानं आहेत, मला आधी घेऊ द्याल?" तर ६० टक्के हो म्हणत. त्यात "कारण मला प्रती काढायच्या आहेत" एवढं पोकळ शेपूट जोडलं तरी होकार ९३ टक्क्यांवर जाई. पण पानं वीस असली की ते पोकळ कारण कामाला येत नसे. लहान गोष्टीत आपण कारणाच्या आकाराचं काहीही स्वीकारतो. मोठ्या गोष्टीत स्वीकारत नाही. माझी मैत्रीण कित्येक महिने त्या एका वाक्याला आतून-बाहेरून चाचपत होती. तिला मुद्दा हवा होता, एक तरी, जो खोडून काढता येईल किंवा मान्य करता येईल.

त्याच्याकडे मुद्दा नसेल, हे मी मानते. त्याला स्वतःलाही कळलं नसेल, हेही मानते, वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर न मानून कसं चालेल? पण त्याच्याकडे हकीकत होती. केव्हापासून घरी यायला उशीर करावासा वाटू लागला, कुठल्या संध्याकाळी तिच्या बोलण्याचा आवाज नुसता आवाज वाटला, कुठल्या प्रवासात एकट्याने मोकळं वाटलं आणि त्या मोकळेपणाची लाज वाटली. ही हकीकत सांगायला त्याला मानसशास्त्र यायची गरज नव्हती. बसायला हवं होतं, आणि घाई नको होती. तिला त्याने तेवढं देणं होतं, असं माझं ठाम मत आहे. मैत्रिणीला मात्र ते पटत नाही. ती म्हणते, असली हकीकत ऐकण्यापेक्षा त्याने एखादं खोटं कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं, निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. यावर आमचा वाद अजून चालू आहे.